रेइनो यंदा येणार

ख्रिसमसच्या आदल्या दिवशी आमचं सगळं कोर्पिवारा गाव दफनभूमीत येतं, आणि त्यातल्या निम्म्या लोकांना आपल्या आजोबांची कबर कुठे आहे हे मला विचारावं लागतं. वर्षभर इकडे फिरकायचं नाही आणि त्या दिवशी हातात दिवा घेऊन गुडघाभर बर्फात उभं राहून म्हणायचं, "ओइवा, आमचे कुठे रे?" मी इथला राखणदार. वाटांवरचा बर्फ मी काढतो, खड्डे मी खणतो आणि विझलेल्या दिव्यांची डबडी जानेवारीत मीच गोळा करतो. त्यामुळे कोण कुणासाठी दिवा लावतं आणि कोण कुणाला साफ विसरलं, हे मला दिसतं. मी ते कुणाला बोलून दाखवत नाही. माझी बायको हिल्का म्हणते की दाखवतोस, आणि वर नाक मुरडून दाखवतोस. असो.

साइमीला मात्र कधी काही विचारावं लागलं नाही. ती दुपारी यायची. आमच्याकडे, इतक्या उत्तरेला, डिसेंबरात सूर्य उगवतच नाही, दुपारी थोडा वेळ आभाळ निळसर होतं, तेवढाच काय तो दिवस. त्या निळ्या उजेडात ती आपली पायाने ढकलायची घसरगाडी फाटकाशी टेकवायची, आईबापांच्या कबरीवर एकेक दिवा लावायची, हातमोज्याने दगडावरचा बर्फ झाडायची आणि परत निघायची. फाटकाजवळ एक मोठा काळा दगड आहे. त्याच्याकडे ती ढुंकूनही पाहायची नाही. भांडण झालेला शेजारी उभा असावा, तशी मान ताठ ठेवून पुढे जायची.

त्या दगडावर कोरलंय : 'दुसरीकडे विसावलेल्यांसाठी'. ज्यांची माणसं लढाईत, समुद्रात, अमेरिकेत नाहीतर स्वीडनमध्ये मातीआड झाली, ते लोक तिथे दिवे लावतात. ख्रिसमसला तिथे इतके दिवे असतात की भोवतीचा बर्फ वितळतो आणि खालचं पिवळं गवत दिसायला लागतं. भर हिवाळ्यात आमच्या गावात गवत दिसण्याची ती एकच जागा.

साइमीचा त्या दगडावर इतका राग का, हे सांगायचं तर रेइनोपासून सुरुवात करायला हवी.

रेइनो तिचा धाकटा भाऊ. तो रांगत होता तेव्हाच आई गेली. बाप सगळा हिवाळा जंगलात लाकूडतोडीच्या छावणीवर असायचा. साइमी स्वतः शाळेत जाणारी पोर, पण तिने त्याला वाढवलं. त्याचं नाक पुसलं, त्याचे मोजे विणले, त्याला धपाटेही घातले. शाळेत मी त्याच्या बाकावर बसायचो, म्हणून मला माहीत. रेइनो म्हणजे मोठे कान आणि त्याहून मोठ्या थापा. तळ्यातला मासा त्याच्या तोंडून ऐकला की अस्वलाएवढा व्हायचा. मास्तरसुद्धा हसू दाबत त्याला कोपऱ्यात उभा करायचे.

मोठे झालो तेव्हा जंगलात यंत्रं आली आणि माणसांना काम उरलं नाही. अर्धं गाव स्वीडनला कारखान्यांत निघून गेलं. रेइनोही निघाला. दुकानासमोर बस उभी होती, साइमी त्याच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळत होती, आणि तो मान सोडवून घेत म्हणत होता, "अगं पुरे! ख्रिसमसला येतोच आहे. आणि बसने नाही हं, स्वतःच्या गाडीने येणार. तुला पुढे बसवून चर्चला नेणार."

तेव्हा ती पद्धतच होती. स्वीडनला गेलेले सगळे स्वतःची गाडी घेऊन गावात यायचे. हॉर्न वाजवत दुकानाभोवती उगाच दोन चकरा मारायचे. गाडीशिवाय परत येणं म्हणजे तिकडे हरून आल्यासारखं. मीही दोन हिवाळे तिकडे काढले, दुसऱ्या शहरात. मी परत आलो तो बसने. तिथली कॉफी पाणचट होती आणि हिल्का इथे होती. लोक माझ्या पाठीमागे हसले, पण मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. रेइनो तसा नव्हता. त्याला लोकांचं हसणं लागायचं.

पहिल्या ख्रिसमसला त्याचं कार्ड आलं की सुट्टी नाही. दुसऱ्याला आलं की गाडीचे पैसे जमत आलेत. मग कार्डं विरळ झाली, आणि एका वर्षी साइमीनेच पाठवलेलं कार्ड परत आलं, तो त्या पत्त्यावर राहत नाही म्हणून. पुढे कुणी म्हणालं तो बंदरावर दिसला, कुणी म्हणालं दारूत बुडाला. दुकानात हे कुणीतरी साइमीसमोर बोललं, तेव्हा ती दुधाची बाटली टोपलीत ठेवत म्हणाली, "दारू पिणारा माणूसही घरी येतो. इथे काय दारू पिणारे कमी आहेत? तूच बघ की, रोज येतोस घरी."

शाळेच्या स्वयंपाकघरात तिने सगळी नोकरी केली. गावातल्या तीन पिढ्यांना तिने वाटाण्याचं सूप वाढलं आणि टाकलं तर रागावली. तिला मागणी आली नाही असं नाही. जंगलखात्यातला एक सरळ, उंच माणूस तिच्यासाठी झुरत होता. त्याला सरकारी घर होतं, वीस मैल पलीकडे. तिने सांगितलं, "मी घर बदललं तर रेइनो कुठे येईल?" तो बिचारा दोन वर्षं थांबला आणि मग दुसरीकडे लग्न करून मोकळा झाला. तळ्याकाठच्या त्या लाल घरात साइमी राहिली ती राहिलीच. आमचं घर तिच्या शेजारचं, मध्ये फक्त बर्चची रांग.

रेइनो कुठे असतो असं कुणी विचारलं की ती एकच शब्द बोलायची, "दुसरीकडे." आणि दर डिसेंबरात खाटकाकडे जाऊन एकटीला महिनाभर पुरेल एवढं मोठं डुकराचं हॅम मागायची. तो हसला की म्हणायची, "रेइनो यंदा येणार आहे." पुढे पुढे तो हसायचाही थांबला. नुसतं मोठं हॅम काढून ठेवायचा.

तो काळा दगड बसवला त्या वर्षी हिल्काने घोळ घातला. माझी बायको मनाची मऊ आहे आणि मऊ माणसं फार नुकसान करतात. ख्रिसमसला सगळे त्या नव्या दगडापाशी दिवे लावत होते. हिल्काला वाटलं, साइमी बिचारी एकटी, तिच्या भावासाठी आपण लावू या. लावला. साइमी फाटकातून येत होती, तिने विचारलं, "हा कुणासाठी गं?"

"तुझ्या रेइनोसाठी," हिल्का कौतुकाने म्हणाली. "तूच म्हणतेस ना, तो दुसरीकडे आहे."

साइमी खाली वाकली, हातमोज्याच्या चिमटीत ज्योत धरली आणि विझवली. "दुसरीकडे आहे म्हणाले मी. मेलाय म्हणाले का?"

मग ती तशीच चर्चमध्ये गेली आणि तेव्हाच्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांना ऐन प्रार्थनेच्या आधी झापलं, की माझा शब्द कुणाला विचारून दगडावर कोरलात? पाद्रीबाबांना बिचाऱ्यांना काही उमगेना. त्यानंतर कित्येक वर्षं साइमीने आमच्या घरची कॉफी घेतली नाही. आमच्याकडे शेजाऱ्याची कॉफी नाकारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखंच. हिल्का रडायची. मी म्हणायचो, दिवा लावताना विचारायचं होतं. मग आमचं दोघांचं भांडण व्हायचं. शेवटी एकदा हिल्का आजारी पडली तेव्हा साइमी स्वतःच सूप घेऊन आली, पातेलं चुलीवर आदळलं आणि म्हणाली, "कॉफी आहे का?" त्यावर विषय संपला. पण दगडापाशी ती कधी थांबली नाही. गावाला ते ठाऊक होतं आणि गाव तिला वळसा घालून बोलत असे.

गेल्या नोव्हेंबरात मी अंगणातला बर्फ ओढत होतो. साइमी दारात येऊन ओरडली, "ओइवा! ए ओइवा! टेलिफोनमध्ये एक बाई स्वीडिश बोलतेय, आणि ठेवला तरी पुन्हा करतेय!"

"काहीतरी विकत असेल. ठेवून दे."

"विकणाऱ्या बाया रडत नाहीत," साइमी म्हणाली.

मी फावडं टाकून गेलो. माझं स्वीडिश दोन हिवाळ्यांचं, तेही कारखान्यातलं. शिव्या आणि स्क्रू सोडले तर फारसं काही येत नाही. पण त्या बाई सावकाश बोलत होत्या. दक्षिणेकडच्या एका वृद्धाश्रमात त्या काम करत होत्या. त्यांनी रेइनोचं पूर्ण नाव सांगितलं, आमच्या गावाचं नाव आणि त्याचं जन्मवर्ष वाचून दाखवलं. तो मागच्या आठवड्यात झोपेतच गेला. नातेवाईक कुणी नाहीत असंच तो सांगायचा, बहिणीचं नाव आता चर्चच्या नोंदीतून सापडलं. त्याचा देह दहनाला गेला होता. अस्थींचा कलश तुम्हाला हवाय का, नाहीतर इथल्या बिननावाच्या बागेत ठेवतात, बाग चांगली आहे, बर्चची झाडं आहेत.

मी रिसिव्हरवर हात ठेवून म्हणालो, "साइमी, खाली बस."

"उभी बरी आहे मी. काय म्हणते ती?"

"रेइनोबद्दल आहे."

"कोणत्या रेइनोबद्दल? तिकडे आपल्याकडचे रेइनो पैशाला पासरी मिळतात."

मी सांगितलं. जमेल तसं, तुकड्यातुकड्यांत. ती ओट्यापाशी पाठ करून उभी राहिली आणि आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागली. "दुसरा कुणीतरी असेल," ती म्हणाली. "तिला सांग, चुकीचा नंबर लागलाय."

"गावाचं नाव बरोबर आहे, साइमी. जन्माचं वर्षही."

"आमचा रेइनो यंदा येणार आहे. सांग तिला."

आता हे मी कोणत्या स्वीडिशमध्ये सांगू? मी नुसता हं हं करत राहिलो. बाई म्हणाल्या, फार गोड माणूस होता, गोष्टी रंगवून सांगायचा. दर डिसेंबरात कोट घालून, टोपी घालून दाराशी खुर्चीवर बसायचा. म्हणायचा, गाडी दुरुस्तीला दिलीय, आली की लगेच निघतो घरी. ख्रिसमस संपला की आपणच कोट काढून ठेवायचा. मी हे साइमीला सांगितलं. तिचा हात थांबला, पण ती म्हणाली, "गाडीच्या बाता काय, सगळेच मारायचे."

तेव्हा बाईंनी विचारलं, एक सांगाल का, हा योक्के कोण?

"योक्के म्हणून कुणी होता का त्याचा?" मी साइमीला विचारलं. "शेवटची दोनतीन वर्षं तो स्वीडिश विसरून गेला होता म्हणे. फक्त आपलं फिनिश बोलायचा, आणि तिथे ते कुणाला येत नाही. दाराशी बसून सारखी हाक मारायचा. योक्के? योक्के? मित्र असेल, नाहीतर मुलगाबिलगा. स्वीडनमध्ये पोरांची असतात तशी नावं, आमच्या कारखान्यातही एक योक्के होता."

साइमी वळली. "कसं म्हणायचा? तिला म्हणून दाखवायला सांग."

मी रिसिव्हर तिच्या कानाशी धरला. पलीकडून त्या बाई, एक अक्षर न कळता, फक्त तीन वर्षं ऐकलेला सूर लावून म्हणाल्या. मलाही ऐकू आलं. शेवटी थोडासा वर चढलेला, विचारणारा आवाज.

साइमीने टेबलाची कड धरली. "ते नाव नाहीये, गाढवा," ती म्हणाली. "तो विचारतोय. योको? योको?"

योको म्हणजे झालं का? वेळ झाली का? आमच्याकडे शेंबडं पोरही दिवसातून दहा वेळा हा शब्द बोलतं, आणि मी, इथे जन्मलेला माणूस, तो स्वीडिश बाईच्या तोंडून आला म्हणून ओळखू शकलो नाही.

"ख्रिसमसच्या आदल्या दिवशी सकाळपासून माझ्या मागेमागे फिरायचा," साइमी म्हणाली. ती माझ्याशी बोलत नव्हती. "अंधार पडला का? सौना तापली का? आता जेवायचं का? योको, साइमी? योको? मी म्हणायचे, अजून नाही. आणखी थोडा वेळ. कान पिकायचे माझे. दाराशी जाऊन बस म्हणायचे, झालं की हाक मारीन." मग ती एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, "तिला विचार, तो असं विचारायचा तेव्हा त्या काय सांगायच्या त्याला?"

मी विचारलं. बाई रडत होत्या. म्हणाल्या, आम्ही सांगायचो, योक्के उद्या येईल.

साइमीने फडकं घडी करून नळावर वाळत घातलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला पाहवेना, म्हणून मी खिडकीतून आमच्याच घराकडे बघत बसलो.

"घरी पाठव म्हणावं त्याला," ती म्हणाली. "ख्रिसमसच्या आत."

शेवटी रेइनो आला तो बसनेच. आमच्याकडे दूरची पार्सलं बसने येतात, सरहद्दीवरून निघालेली गाडी दुकानासमोर थांबते. ख्रिसमसच्या तीनचार दिवस आधीची गोष्ट. थंडी उणे तिसावर गेली होती आणि तरी साइमी चर्चला जायचा कोट घालून अर्धा तास आधीच उभी. हिल्का आणि मी तिच्या दोन बाजूंना. बस आली तशी ती थेट मालाच्या खणाकडे गेली. ड्रायव्हर खाली उतरत म्हणाला, "तिथे नाही बाई. तिथे फार गारठतं. मी वर घेतलंय." त्याने पुढच्या सीटवरून, पट्टा सोडवून, खोका काढला आणि टोपी काढून तिच्या हातात दिला. परक्या गावचा पोरगा, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, पार्सलाच्या कागदावर काय लिहिलंय ते त्याने वाचलं होतं एवढंच. मी एरवी बसवाल्यांना नावं ठेवतो, त्याला ठेवणार नाही.

मग जमिनीचा प्रश्न आला. हिवाळ्यात आमच्याकडे जमीन छातीएवढी खोल गोठते. शवपेटीसाठी मी शेकोटीचं यंत्र लावून जमीन वितळवतो आणि खणतो, पण कलश जूनपर्यंत थांबतात, तशी रीतच आहे. आमची आताची पाद्रीण काइसू, तरुण आणि समजूतदार आहे. ती साइमीच्या घरी आली, खोक्याशेजारी कॉफी प्यायली आणि हळुवारपणे म्हणाली, "साइमी, तोवर आपण त्यांना चर्चच्या थंड खोलीत ठेवू या का? तिथे शांत असतं."

"थंड खोलीत?" साइमी म्हणाली. "इतकी वर्षं परक्या दारात बसला तो. आणि आता आलाय तर ख्रिसमसला थंड खोलीत?"

काइसूने माझ्याकडे पाहिलं. नियमाचं बोलायची मला सवय आहे, जिभेवर आलंच होतं. हिल्काने टेबलाखालून माझ्या नडगीवर बूट मारला.

"घरीच राहू द्या," काइसू म्हणाली. "वर्षभरात माती दिली की झालं, कायद्याची हरकत नाही."

ख्रिसमसच्या आदल्या दिवशी दुपारी रेडिओवर नेहमीप्रमाणे ख्रिसमसची शांतता जाहीर झाली आणि मी दफनभूमीत शेवटची वाट मोकळी केली. लोक यायला लागले. आमचे कुठे रे ओइवा, तिकडे बघ, त्या पाइनखाली, मागच्या वर्षीही तिथेच होते, कुठे पळून जाणार आहेत. दिवे लागत गेले, बर्फ आतून पिवळा दिसायला लागला, पोरं कुजबुजत होती. निळं आभाळ काळं झालं. साइमी आली नाही.

आईबापांच्या कबरीवर तिचे दिवे नाहीत असं मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. हिल्का माझ्याआधीच म्हणाली, "जा, बघून ये."

"दिवे आहेत अजून, लोक आहेत."

"दिवे पळत नाहीत. जा म्हणते ना."

तिने साइमीच्या आईबापांसाठी दोन दिवे पिशवीतून काढले आणि मग क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "लाव. याला ती रागावणार नाही." आणि निघालो.

तळ्याकाठी साइमीच्या सौनाच्या, म्हणजे वाफेने न्हायच्या लाकडी खोपटाच्या, धुराड्यातून धूर सरळ वर जात होता. घराच्या खिडक्यांत मेणबत्त्या होत्या. मी दार उघडलं तर स्वयंपाकघरात हॅमचा, भाजलेल्या गाजराचा आणि दालचिनीचा वास भरलेला, आणि साइमी कमरेवर हात ठेवून उभी.

"आता सुचलं यायला?" ती कडाडली. "सौना तापून तासभर झाला!"

"मला कुठे बोलावलं होतंस?"

"बोलवायला कशाला हवं? पुरुषांची पाळी आधी असते हे तुला शिकवायचं का मी? ते झाल्याशिवाय बायका जाऊ शकतात का? मी थांबलेय, तो थांबलाय, आणि तू तिकडे फावडं मिरवत फिरतोयस."

मी टेबलाकडे पाहिलं, खिडकीपाशी पाहिलं. खोका रिकामा होता. "तो कुठे आहे?"

"सौनाच्या बाहेरच्या खोलीत. बाकावर. प्रवासातून आलाय, आधी सौना नको का? पण एकटा कसा जाईल?" मग तिचा आवाज खाली आला. "मी त्याची बहीण आहे रे. मोठा झाल्यावर त्याच्याबरोबर मी जाऊ शकत नाही. तू त्याच्या बाकावर बसायचास. तू जा."

मी टॉवेल घेतला आणि अंगणातून खाली गेलो. बाहेरच्या खोलीत कंदील होता. बाकावर स्वच्छ चादरीची घडी, घडीवर तो करडा कलश, शेजारी नवे लोकरी मोजे आणि वाफेत अंगावर झोडायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी, उन्हाळ्यात बांधून ठेवलेली. मी कपडे काढले. आपण काय करतोय याची मला लाज वाटली, मग लाज वाटल्याची लाज वाटली. आतलं दार उघडं ठेवलं, म्हणजे वाफ बाहेरपर्यंत जावी. एरवी कुणी असं दार उघडं ठेवलं असतं तर मी त्याला बाहेर हाकललं असतं.

गरम दगडांवर पळीभर पाणी टाकलं. दगड चुर्रर्र झाले आणि वाफ छतापाशी जाऊन वळून अंगावर आली. लहानपणी आम्ही वरच्या बाकासाठी मारामाऱ्या करायचो, आणि रेइनो नेहमी भिंतीकडची जागा बळकावायचा, कारण तिथे वाफ आधी पोचते. मी वर चढलो आणि भिंतीकडची जागा सोडून बसलो. "फार गरम असेल तर सांग," मी म्हणालो. मोठ्यानेच म्हणालो. आणखी पाणी टाकलं. घाम आणि डोळ्यांतलं पाणी एकाच वाटेने खाली येत होतं, आणि सौनात कुणाला कशाचा हिशोब लागत नाही हे एक बरं असतं. आम्ही दोघं तिथे नेहमीपेक्षा जास्तच वेळ बसलो.

बाहेर आलो तर साइमी पायरीवर उभी होती, डोक्यावर शाल, हातात स्वतःचा टॉवेल. थंडीत किती वेळ उभी होती कोण जाणे.

"गरम होती का?" तिने विचारलं.

"होती. चांगलीच."

"तक्रार करत नव्हता ना?"

"नाही."

तिने मान हलवली, आणि मग तिचा चेहरा एकदम मोडला. रेइनोला घेऊन बस गेली त्या दिवशीही जी रडली नव्हती ती साइमी तिथे पायरीवर बसली आणि हातमोज्यांत तोंड घालून रडली, मोठ्याने, लहान पोरीसारखी. मला कुणाला धीर देता येत नाही. मी शेजारी उभा राहिलो आणि तिची शाल सरकली ती वर ओढली. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं.

"त्याला वर घेऊन जा," ती म्हणाली. "इथे उगाच गारठेल. मोजे राहू देत, नंतर बघू. आणि हॅमला हात लावायचा नाही. मी आल्यावरच कापायचं. तुझंही ताट वाढते, हिल्कालाही बोलाव."

"दिवे व्हायचेत तिचे अजून. येईल ती."

"मग बसा दोघं गुपचूप."

सौनाचं दार तिच्यामागे लागलं. मी कलश कोटाच्या आत छातीशी धरला आणि बर्फातून चढ चढून वर आलो. तो वाटला त्यापेक्षा जड होता आणि वाफेने अजून उबदार. स्वयंपाकघरात मी तो टेबलाशी, तिच्या खुर्चीसमोरच्या खुर्चीवर ठेवला. मग दुसरी खुर्ची ओढून मीही बसलो. हॅम टेबलाच्या मधोमध वाफाळत होतं, पोटात कावळे ओरडत होते, खाली तळ्याकाठी पाणी दगडांवर पडल्याचा आवाज मधूनच येत होता. ती तिची सौना सावकाश घेत होती, आणि आम्ही दोघं तिची वाट बघत बसलो.